वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचे अंग आणि सेन्सॉरची कात्री

प्रश्न : 'ब्रह्मचारी' (1938) आपल्या कोल्हापुरातला चित्रपट. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसतात. इंग्रजांच्या काळात सेन्सॉर फार कडक होते असे ऐकत आलो, मग हे सुटले कसे?
– एक वाचक, मंगळवार पेठ

कडक होतेच, पण कशाच्या बाबतीत ते पाहायला हवे. 1918 चा सिनेमा कायदा आला आणि 1920 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर बोर्डे बसली. मुंबईच्या बोर्डावर पोलीस कमिशनरांचा शब्द चालायचा, आणि त्यांची नजर अंगापेक्षा राजकारणावर जास्त होती. 1921 च्या 'भक्त विदुर'मधला विदुर गांधीजींसारखा दिसला म्हणून तो मद्रासमध्ये अडवला गेला. पुराणकथा असूनही सुटका झाली नाही.

कोल्हापूरचाच दाखला घ्या. 1929 मध्ये इथे प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. पुढच्याच वर्षी व्ही. शांतारामांनी शिवरायांवर 'स्वराज्य तोरण' काढला आणि शिवरायांची भूमिकाही स्वतःच केली. साल 1930, देशभर मिठाचा सत्याग्रह पेटलेला. कोल्हापूर संस्थान असले तरी चित्रपट मुंबई-पुण्यात लावायचा तर मुंबईचे प्रमाणपत्र हवेच. 'स्वराज्य' या शब्दालाच हरकत निघाली आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने लागला. आठ वर्षांनी हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' आला. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. 'यमुनाजळी खेळू खेळ' हे गाणे पोहण्याच्या पोशाखातले. गावोगाव चर्चा झाली, नाके मुरडली गेली, तरी गाणे पडद्यावर राहिले. एक शब्द गेला आणि पोशाख राहिला, यातून त्या काळच्या कात्रीचा रोख कळतो. देविका राणी आणि हिमांशु राय यांचे 'कर्मा'मधले (1933) चुंबनही त्याच काळातले.

हिंदी पडद्यावरून चुंबन गेले ते मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. 1952 च्या सिनेमा कायद्यात 'चुंबन दाखवू नये' असे कुठेही लिहिलेले नाही. तो बोर्डाचा आणि निर्मात्यांचा पडलेला पायंडा. कथेला गरज असेल तर चुंबन आणि नग्नता दाखवू द्यावी, अशी शिफारस न्या. खोसला समितीने 1969 मध्ये केली होती. ती पुरती अंमलात आली नाही, याची आम्हाला आजही खंत वाटते.

प्रश्न : नग्न दृश्य असले की चित्रपट नाकारतात का?
– एक वाचक, राजारामपुरी

नाही. कायद्याच्या कलम 5-ब मध्ये सभ्यता आणि नीतिमत्ता हे शब्द आहेत, किती अंग दिसावे याचे माप नाही. 1991 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चित्रपटाचा एकूण परिणाम पाहून निर्णय करावा. या वाक्याचा खरा कस 'बँडिट क्वीन'च्या वेळी लागला. गावासमोर बाईला विवस्त्र फिरवतात, ते दृश्य कापायचे की नाही यावर भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1996 मध्ये न्यायालयाने प्रौढांसाठीचे 'ए' प्रमाणपत्र कायम ठेवले. ते दृश्य वासना चाळवण्यासाठी नाही, पाहणाऱ्याच्या मनात चीड यावी म्हणून आहे, असा निकालाचा आशय. मराठीत रवी जाधव यांचा 'न्यूड' 2017 मध्ये गोव्याच्या महोत्सवातून ऐनवेळी वगळला गेला. पण बोर्डाने नंतर एकही कट न देता 'ए' दिले आणि 2018 मध्ये तो लागला. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर बसणाऱ्या मॉडेलची ती कथा. तिथे अंग झाकले तर कथाच उरत नाही.

प्रश्न : पूर्वी थेटरात कट झालेली जागा लगेच कळायची, आवाज चमत्कारिक व्हायचा. असे का?
– एक वाचक, गंगावेस

रिळाच्या कडेला आवाजाची पट्टी असते. प्रोजेक्टरमध्ये चित्र एका जागी दिसते आणि आवाज त्याच्या खाली, थोडा पुढे वाचला जातो. म्हणून 35 मि.मी. प्रिंटवर प्रत्येक चित्राचा आवाज सुमारे 20 फ्रेम आधी छापलेला असतो. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे हे अंतर पाऊण सेकंदाहून थोडे जास्त. तयार प्रिंट सरळ कापून जोडली की चित्र लगेच उडी मारते, पण आवाजाच्या जागी जोड पोहोचायला तेवढा वेळ जातो. तोवर पडद्यावर पुढचे दृश्य आणि कानावर कापलेल्या दृश्याचा आवाज! मग एक धक्का बसून आवाज जुळतो, आणि पुढच्या दृश्याचे पहिले अक्षर-दोन अक्षरे गळालेली असतात. निगेटिव्हवर चित्र आणि आवाज वेगवेगळे कापून नवी प्रिंट काढली तर हे होत नाही. पण नवी प्रिंट म्हणजे खर्च, म्हणून पुष्कळ ठिकाणी जुन्याच प्रिंटवर ब्लेड चालायचे. मापासाठी : एक सेकंद म्हणजे दीड फूट फिल्म, वीस सेकंदांचा कट म्हणजे तीस फूट.

उलटा प्रकारही व्हायचा, मंजूर चित्रपटात नको ते तुकडे घुसडण्याचा. सिनेमा कायद्याच्या कलम 7 प्रमाणे तो गुन्हा आहे : कैद, दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : आमच्या लघुपटात एका पात्राची उघडी पाठ दिसते. थेटरात लावायचा तर काय करावे?
– एक विद्यार्थिनी, सागरमाळ

तिकीट लावून सार्वजनिक खेळ करायचा तर प्रमाणपत्र लागते. 72 मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपटात मोजतात. ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर अर्ज भरा. कथासार, संवाद आणि गाण्यांचे बोल जोडा. कुत्रा-घोडा दिसत असेल तर प्राणी कल्याण मंडळाचे ना-हरकत पत्र आधी मिळवा, अर्ज बहुधा तिथेच अडकतो. नुसत्या उघड्या पाठीला घाबरू नका, प्रसंग काय आहे ते पाहतात. तरी शूटिंगच्याच दिवशी तोच प्रसंग चेहऱ्याच्या किंवा हातांच्या क्लोजअपमध्ये एकदा घेऊन ठेवा. पार्श्वसंगीत संवादांपासून वेगळ्या ट्रॅकवर राहू द्या. म्हणजे तीन सेकंद काढायला सांगितले तरी सूर तुटणार नाही, रिकाम्या जागी तो क्लोजअप बसेल. कलाकाराची लेखी संमती घ्या आणि नेमके काय दिसणार ते त्यात स्पष्ट लिहा. 'गरजेप्रमाणे' असला शब्द नको. प्रमाणपत्र मिळाल्यावर एकही शॉट परस्पर बदलू नका.

प्रश्न : हॉलीवूडमध्ये पहिल्यापासून मोकळीक होती ना?
– एक वाचक, शाहूपुरी

छे! 1934 पासून तिथे निर्मात्यांची स्वतःचीच संहिता काटेकोर लागू झाली. त्याच वर्षीच्या 'टारझन अँड हिज मेट'मध्ये पाण्याखाली विवस्त्र पोहण्याचे दृश्य होते. मॉरीन ओसुलिव्हनऐवजी जोसेफीन मॅकिम ही पोहणारी त्यात होती. ते दृश्य काढायला लावले. 1968 मध्ये संहिता गेली आणि वयाप्रमाणे वर्गवारी आली. आपल्याकडे 'यूए' (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावे असा वर्ग) 1983 मध्ये आले आणि आता नव्या नियमांप्रमाणे त्याचेच 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन भाग झाले आहेत.

प्रश्न : 'ए' चित्रपट टीव्हीवर का दिसत नाही?
– एक वाचक, कसबा बावडा

टीव्हीसाठी तो कट करून 'यूए' किंवा 'यू' (सर्वांसाठी) म्हणून पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून तुम्हाला तिथे छोटी आवृत्ती दिसते. ओटीटीला बोर्ड लागत नाही. 2021 च्या नियमांनुसार वयोगट कंपनीनेच ठरवायचा आणि तक्रार आली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याने 15 दिवसांत निकालात काढायची.