बोट थरथरतं, सूर दोनदा वाजतो

प्रश्न : बहिणीचं फक्त एक बोट थोडंसं वाकतं. फ्लेक्स सेन्सर (वाकवला की माप बदलणारी पातळ पट्टी) लावून वाद्य केलं, पण बोट थरथरलं की एकच सूर दोन-तीनदा वाजतो. काय करावं?

उत्तर : सूर सुरू आणि बंद होण्याची मर्यादा तुम्ही एकच ठेवली असणार, म्हणून बोट तिच्या आसपास थरथरलं की सूर पुन्हा पुन्हा सुरू-बंद होतो. दर वेळी वाजवण्याआधी बोट सैल असतानाचं आणि सहज वाकेल तेवढं वाकवल्यावरचं माप घ्या. त्या फरकाच्या 60 टक्क्यांवर सूर सुरू, 40 टक्क्यांवर बंद. लागोपाठच्या मापांची सरासरी काढूनही थरथर दबते, पण सूर उशिरा येतो आणि वाजवणाऱ्याला ते लगेच खटकतं. म्हणून सरासरी मोजक्याच मापांची काढा. बोट थकलं की कमी वाकतं, तेव्हा मधूनच पुन्हा माप घ्या. आणि हो, सेन्सर पिनांपाशी (तारा जोडतो तिथे) वाकू देऊ नका, तिथेच तुटतो.