‘संत्रा’चे सहा तुकडे का झाले?

प्रश्न: सर, बाबांची कळमन्याला फळांची अडत आहे, त्यांच्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आवकीचा छोटा प्रोग्राम बनवून राहिलो. माल नावाची लिस्ट (यादी) आहे. माल = माल + "संत्रा" लिहिलं तर टाइपएरर (प्रकार जुळत नाही अशी चूक) येते, पण माल += "संत्रा" लिहिलं की चुपचाप चालते आणि लिस्टमध्ये एकाच्या जागी सहा नोंदी येतात! मला तर दोन्ही एकच वाटत होतं न. हा बग आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: बग नाही रे, पण तुझा गोंधळ अगदी रास्त आहे, मलाही हे विसंगतच वाटतं. + ला लिस्टच्या जोडीला लिस्टच लागते, कारण लिस्ट आणि टपल (एकदा बनली की न बदलणारी यादी) जोडले तर नवीन काय बनवायचं, लिस्ट की टपल, हे ठरवणार कोण? += ला तो प्रश्नच पडत नाही, डावीकडची लिस्ट आहे तिच्यातच भर टाकायची, म्हणून ते आतून एक्स्टेंडचंच (लिस्टच्या शेवटी अनेक वस्तू जोडणाऱ्या आज्ञेचं) काम करतं आणि एक्स्टेंडला ज्यातून एकेक वस्तू काढता येते ते काहीही चालतं, टपल, रेंज (ओळीने येणारे आकडे), स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर) सुद्धा. आता ‘संत्रा’मधून एकेक युनिकोड चिन्ह (संगणक मजकूर ज्या सुट्या खुणांत साठवतो ती) काढलं की स, अनुस्वार, त, हलंत, र, काना, झाले 6. हे += पायथन 2.0 सोबत 2000 साली आलं, + आधीपासून होतंच, आणि मागून आलेल्याला नियम सैल मिळाला.

याहून घातक गोष्ट सांगतो. आज = काल लिहून मग आज += ["मोसंबी"] केलंस तर कालच्या यादीतही मोसंबी घुसते, कारण लिस्ट एकच आहे, नावं दोन. आज = आज + ["मोसंबी"] केलं तर नवीन लिस्ट बनते आणि काल जशीच्या तशी राहते. अडतीच्या हिशोबात हा फरक केवढा महाग पडेल बघ!

टपलच्या आत लिस्ट असेल आणि तिच्यावर टपलमधूनच += चालवलं तर आणखी कमाल, एररही येते आणि लिस्टही बदललेली असते. पायथनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही हे दिलंय.

तू एक नोंद टाकायला अपेंड वापर, पुष्कळ असतील तर एक्स्टेंड, आणि दिवस बदलला की काल.कॉपी() सारखी प्रत काढून घे (कोडमध्ये append, extend, copy असं अर्थात इंग्रजीतच लिहायचं). आणि आधीच्या सेव्ह केलेल्या याद्या आजच उघडून बघ, सुटी अक्षरं नोंदी म्हणून मोजली गेली असतील तर आवकीचा आकडा फुगलेला असणार.