कीड नसलेल्या दाढेला सीलंट कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी पावणेसात वर्षांची आहे. शाळेतील दंततपासणीत तिच्या मागच्या चार दाढांना सीलंट लावून घेण्यास सांगितले आहे. दाढा किडलेल्या नाहीत, दुखतही नाहीत. दुधाचे दात पडणारच असताना हा खटाटोप कशाला? शिवाय ते प्लास्टिक पोटात गेले तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण ज्यांना दुधाच्या समजत आहात, त्या बहुधा कायमच्या दाढा आहेत. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते आणि म्हणूनच घरात तिचा कोणाला पत्ता लागत नाही. मुलीला आ करायला लावून समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा. सहावी असेल ती हीच. ‘दुधाचीच आहे, पडेल’ हे वाक्य मी दवाखान्यात बहुतेक वेळा ती दाढ पार पोखरल्यावरच ऐकतो.

या दाढेच्या माथ्यावरील खाचा काही ठिकाणी ब्रशच्या केसाहूनही अरुंद असतात. त्यांत बसलेला बिस्किटाचा लगदा कितीही मन लावून घासले तरी निघत नाही आणि त्यातील साखरेपासून जिवाणू जे आम्ल तयार करतात, ते तिथल्या तिथे दाढेचे कवच विरघळवत राहते. फ्लोराइडचा उपयोग दातांच्या गुळगुळीत बाजूंवर जितका होतो, तितका या खाचांत होत नाही. सीलंट म्हणजे या खाचा बुजवणारा पातळ थर. तो शाबूत असला, तर पहिल्या दोन वर्षांत मागच्या दाढांमधील सुमारे ८० टक्के कीड टळते.

यात सुई नाही, ड्रिलही नाही. दाढ स्वच्छ करून तिच्यावर सौम्य आम्लाचे जेल काही सेकंद ठेवतात, धुऊन कोरडी केल्यावर ती खडूसारखी पांढुरकी दिसू लागली की पातळ रेझिन (प्लास्टिकसारखे चिकट द्रव्य) खाचांत सोडतात आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट करतात. आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करून रेझिन चिकटवण्याची ही युक्ती मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याने १९५५ मध्ये दाखवून दिली होती. खरी पंचाईत लाळेची असते; आम्ल धुतल्यानंतर दाढेला थोडी जरी लाळ लागली, तरी थर लवकर सुटतो, त्यामुळे मुलीने त्या काही मिनिटांत जीभ आवरणे महत्त्वाचे.

प्लास्टिकविषयीची आपली शंका रास्त आहे. काही सीलंटमधून बिस्फेनॉल-ए हे प्लास्टिकमध्ये वापरले जाणारे रसायन अत्यल्प प्रमाणात, तेही लावल्यानंतरच्या थोड्या वेळात, सुटते. म्हणून वरचा न घट्ट झालेला थर पुसून चूळ भरायला लावतात. त्यापायी सीलंट टाळावे, असे मला वाटत नाही.

एखादी दाढ अजून अर्धवट हिरडीखाली असेल, तर ती कोरडी ठेवणे कठीण जाते. अशा वेळी ओलाव्यातही तग धरणारे ग्लास आयोनोमर हे दंतसिमेंट तात्पुरते लावून घ्यावे आणि दर सहा महिन्यांच्या तपासणीत थर कुठे उडाला आहे का, ते पाहावे. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दुसऱ्या दाढांच्या वेळी हेच पुन्हा करावे लागेल.