वाग्नर ऐकायला कुठून सुरुवात करावी?

आधी एक सांगतो, वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या 'रिंग' या ऑपेरा-मालिकेचे चारही भाग सलग ऐकायला बसू नकोस. साधारण 15 तासांचा ऐवज आहे, नवशिके इथेच थकतात. कंडक्टर जॉर्ज सोल्टीने व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत 1958 ते 1965 दरम्यान केलेलं रेकॉर्डिंग घे आणि फक्त दुसऱ्या भागाचा, म्हणजे 'डी वाल्क्युरे'चा, पहिला अंक लाव. गाणारे तिघंच, वेळ तासभर.

- संहितेचं भाषांतर समोर ठेव. कामं करता करता ऐकलंस तर हाती काही लागणार नाही.
- चांगले हेडफोन लाव. 'दास राइनगोल्ड' या पहिल्या भागात निबेलहाइमला, म्हणजे बुटक्यांच्या भूमिगत जगात, उतरताना 18 ऐरणी घणघणतात. फोनच्या स्पीकरवर त्याचा नुसता खडखडाट होतो.

कंडक्टर म्हणून फुर्टवेंगलर श्रेष्ठ की सोल्टी, हा वाद आत्ता नको. 'डी वाल्क्युरे'चा तोच अंक तीनदा ऐक. नायक जीगमुंड झाडातून तलवार उपसतो, तिथे माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.