दरवर्षी ऑइल पेंट मारूनही लोखंडी झोपाळा का गंजतो?

तुम्ही लिहिलंय की खानापूरला घरासमोर पाइपचा झोपाळा आणि दोन लोखंडी बाक आहेत, दर उन्हाळ्यात रंग देता आणि दसऱ्यापर्यंत रंगाला फोड येऊन खालून गंज डोकावतो. मी बेळगावात ग्रिल-गेटची कामं करतो. खानापूर-जांबोटीकडचे असले झोपाळे कायम दुरुस्तीला येतात, आणि बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. आत राहिलेल्या गंजावरच नवा रंग चढवलेला असतो.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. रंगाखाली थोडा जरी उरला तरी ओल मिळाली की फुगतो आणि रंगाचे पोपडे काढतो. अथणीकडच्या कोरड्या हवेत अशी झाकपाक काही वर्षं खपून जाते. तुमच्याकडच्या पावसात एकाच हंगामात उघडी पडते.

तेव्हा रंगाचा डबा आणण्याआधी झोपाळा आडवा करा आणि पायांचे तळ बघा. पाइपला खालून वर हातोडीनं हलकं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पाइप शाबूत आहे. बद्द आवाज आला, किंवा टोकातून तांबडी भुकटी गळली, तर पाइप आतून खाल्लाय. स्क्रूच्या भोकातून, अर्धवट वेल्डिंगमधून पाणी आत शिरतं आणि पायाला बसवलेलं प्लास्टिकचं बूच ते बाहेर जाऊ देत नाही. अशा पायाला बाहेरून कितीही रंग द्या, उपयोग नाही. कुजलेला तुकडा कापून नवा जोडून घ्या, आणि प्रत्येक पायाच्या सगळ्यात खालच्या जागी ६ मिमीचं भोक पाडा. माझ्या मते सगळ्या कामात हे भोक सर्वात मोलाचं.

आता घासणं. सुटलेले पापुद्रे तारेच्या ब्रशनं काढा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी १२०. लोखंड चकाकलं पाहिजे. खड्ड्यांत तपकिरी डाग राहतीलच, तिथं फॉस्फोरिक किंवा टॅनिक अॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाला स्थिर थरात बदलणारं द्रावण, लावा. नट-बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तर त्यांचा गंज निघतो. नंतर धुऊन लगेच कोरडे करा. संडास साफ करायचं अॅसिड मात्र वापरू नका. त्यातलं क्लोराइड खड्ड्यांत राहतं आणि गंज पुन्हा जोमानं येतो. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगात हे विषारी शिसं जास्त असू शकतं, म्हणून जुना रंग खरवडताना मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका. दव पडलं की सकाळी तांबूस झाक येते. थिनरनं पुसून त्याच दिवशी प्रायमर लावा, आधी वेल्डिंगच्या जागा आणि कडा, मग बाकीचं. रेड ऑक्साईड चालेल, पण ते पाणी अडवत नाही, त्यामुळं नुसत्या रेड ऑक्साईडवर पावसाळा काढू नका, वर ऑइल पेंटचे दोन हात हवेतच. खर्च झेपत असेल तर झिंक फॉस्फेट असलेला, दोन डबे मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर तुमच्या भागात जास्त टिकेल. बाक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपचे असतील तर साधा ऑइल पेंट थेट मारू नका, तो सुटून येतो. त्यासाठी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा प्रायमर, वेगळा मिळतो. हे सगळं दिवाळीनंतर करा, हवा कोरडी असते.

पाय मातीत रुतवू नका, फरशीवर रबरी बूट घालून ठेवा. बूट असले तरी ते भोक मोकळं राहिलं पाहिजे. पावसात प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

साखळीला रंग देऊन काही होत नाही, कड्या घासून तो लगेच उडतो. तेल-ग्रीस द्या आणि कडी कडीत अडकते ती जागा बघा. तिथं कडी बारीक झाली असेल तर ती एक कडी नव्हे, अख्खी साखळी बदला. आढ्याचा हूकही तेव्हाच तपासून घ्या.