राजीनामा देण्याआधी विम्याचं बघा

प्रश्न : आमच्या घरचे बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहेत, वय 56. मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन वावरात लक्ष घालायचं म्हणतात. कंपनीचा 5 लाखांचा विमा आहे, त्यात मीही आहे. मला सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळी सुरू आहे. नोकरी सुटल्यावर विम्याचं काय होईल? आणि हाती येणारे 15 लाख कुठे ठेवावेत?
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : ताई, मार्चला अजून वेळ आहे तोवर हे काम उरकून घ्या. कंपनीचा गटविमा बहुतेक ठिकाणी कामाच्या शेवटच्या दिवशीच संपतो. तुमच्याकडे कोणत्या तारखेला संपतो, ते एचआरकडून लेखी घ्या. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि गटविम्यात काढलेली वर्षं प्रतीक्षा कालावधीतून, म्हणजे आधीच्या आजाराचा खर्च विमा देत नाही त्या सुरुवातीच्या वर्षांतून, वजा होतात. तो अर्ज मात्र गटविमा चालू असतानाच करायचा. एकदा नाव कमी झालं की ही वाट बंद होते. विमा कंपनी तब्येत तपासून नाहीही म्हणू शकते, म्हणून दुसऱ्या एका कंपनीकडेही अर्ज टाकून ठेवा.

शुगर लपवू नका. हे आम्ही फार कळकळीने सांगतो, कारण बरेच दावे इथेच अडकतात. ‘कंट्रोलमध्ये आहे’ म्हणून एजंट फॉर्मवर ‘नाही’ लिहितो आणि पुढे भरतीच्या केसपेपरवर डॉक्टर ‘सहा वर्षांपासून मधुमेह’ असं नोंदवतात. विमा कंपनी आधी तोच कागद मागते. याची उलटी बाजूही आहे. धावपळीत सोबत आलेला पुतण्या ‘दहा-बारा वर्षं झाली असतील’ असं सांगतो, तेच कागदावर चढतं आणि खरं लिहिणाराही खोटा ठरतो. निदान झालं ते वर्ष एका चिठ्ठीवर लिहून ती आधार कार्डासोबत ठेवा. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त 3 वर्षांची आहे. सलग 5 वर्षं हप्ते भरले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

हप्ता आवाक्यात ठेवायचा तर 5 लाखांची मूळ पॉलिसी घ्या आणि तिच्यावर 5 लाखांच्या पुढचा खर्च देणारी सुपर टॉप-अप. साधी टॉप-अप नको. समजा, वर्षात दोनदा भरती झाली आणि दोन्ही वेळा 4 लाख लागले. मूळ पॉलिसी 5 लाख देईल. उरलेले 3 लाख सुपर टॉप-अप देते, कारण ती वर्षभराचा खर्च एकत्र मोजते. साधी टॉप-अप प्रत्येक भरती वेगळी धरते, त्यामुळे ती काहीच देणार नाही. खोलीभाड्याची मर्यादाही तपासा. मर्यादा रोज 3,000 आणि खोली 6,000 ची घेतली, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च हेही निम्म्यावर येतात. वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला आहे. एजंटच्या कागदावर तो दिसला, तर कागद जुना समजा.

प्रतीक्षेच्या तीन वर्षांत आधार आहे तो महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा. आता पांढऱ्या शिधापत्रिकेलाही कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचं संरक्षण मिळतं. पण ठरलेल्याच उपचारांना आणि योजनेतल्याच रुग्णालयात. शिधापत्रिकेवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असलं की ऐन वेळी अडतं, ते आजच तहसीलमध्ये दुरुस्त करून घ्या. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल गाठायचं.

आता पैशाचं. 55 ते 60 वयात स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं. अट अशी की निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून 3 महिन्यांच्या आत जायचं, कंपनीचा दाखला सोबत. 8.2 टक्के दराने 12 लाखांवर दर तिमाहीला 24,600 रुपये येतात. बाकीचे 3 लाख बँकेतच राहू द्या. भरतीच्या वेळी आगाऊ रक्कम भरावी लागते, आणि पोस्टातलं खातं वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याजही कापून घेतात. पीएफची पेन्शन 58 व्या वर्षापर्यंत थांबवा. आधी घेतली तर प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कमी मिळते, तेही कायमची.

प्रश्न : आईचं वय 72. तिच्या विम्याचा हप्ता ऐकूनच छाती दडपली. घ्यावा का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आधी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. 70 वर्षांपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, 5 लाखांचं संरक्षण आहे आणि हप्ता शून्य. आधार कार्ड घेऊन सेवा केंद्रात जायचं, बस्स. खासगी विम्याचा विचार त्यानंतर.

प्रश्न : आमची पॉलिसी जूनमध्ये संपते. तेव्हा सगळा पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. गेल्या वर्षी वीस दिवस उशीर झाला. चालतं का?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, पण ती पॉलिसी जिवंत ठेवण्यापुरती. त्या वीस दिवसांत कुणाला भरती करावं लागलं असतं, तर एक रुपया मिळाला नसता. तीस दिवसही उलटले, तर पॉलिसी जाते आणि नवी घेताना प्रतीक्षा पहिल्या दिवसापासून मोजतात.

तुमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावांसाठी विमा योजना सुरू केली, तेव्हा वर्गणी ज्वारीच्या रूपात घेतली जायची, तीही सुगीत. पैसा घरात कधी असतो, हे त्यांनी ओळखलं होतं. तुम्हीही तसंच करा. कापसाचा चुकारा हाती आला की हप्त्याएवढी रक्कम मे अखेर संपणाऱ्या मुदत ठेवीत टाका, दहा टक्के जास्तच, कारण वयाचा टप्पा ओलांडला की हप्ता वाढतो. नवी पॉलिसी घेणार असाल, तर ती डिसेंबरात सुरू करा.