संक्रांतीची काळी पैठणी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. धाकट्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी मोबाइलवरून काळी पैठणी मागवली. वर्णनात ‘हातमागावरची, शुद्ध रेशीम’ असं लिहिलं होतं. किंमत ८,९०० रुपये. पार्सल सणापर्यंत कपाटात ठेवलं आणि बाराव्या दिवशी उघडलं. साडी हाताला प्लास्टिकसारखी लागते, उलट बाजूला सगळे सुटे धागे. विक्रेता म्हणतो, सात दिवस उलटले, शिवाय सेलचा माल परत घेत नाही. अ‍ॅपवाले म्हणतात, आम्ही फक्त मध्यस्थ. सून म्हणते, जाऊ द्या आई, फॉल-पिको करून नेसते. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : माझं माहेर येवल्याचं. ओसरीवर माग होता. एकेका साडीवर वडील दीड-दोन महिने बसलेले मी पाहिले आहेत. म्हणून ‘हातमाग’ हा शब्द कुणी खोटा चिकटवला की मला राग येतो, आणि तो फक्त गिऱ्हाइकासाठी येत नाही.

तरीही सुट्या धाग्यांवर तक्रार उभी करू नका. पारंपरिक विणीत पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो हे खरं, पण येवल्यात हातमागावर ब्रोकेड पैठणीही विणतात आणि तिच्या पाठीवर धागे असतात. विक्रेता नेमकं हेच बोलेल. तुमचा भक्कम मुद्दा रेशमाचा. पदराच्या दशांमधला एक उभा आणि कडेचा एक आडवा धागा काढून वेगवेगळे जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही आपली घरची खात्री. पुढे गरज पडली तर ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याचं शुल्क कदाचित तुम्हाला भरावं लागेल.

आजच्या आज एक करा. ऑर्डरमधून त्या साडीचं पान उघडून वर्णन, फोटो, किंमत, विक्रेत्याचं नाव यांचे स्क्रीनशॉट घ्या. तक्रार गेली की वर्णन बदललेलं मी अनेकदा पाहिलं आहे. पार्सलचा खोका आणि बिलही जपा.

सात दिवसांची मुदत हा त्यांचा नियम आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. सेलचा माल असला तरी हेच लागू. अ‍ॅपवाल्यांनाही हात झटकता येत नाहीत. त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्याला ईमेल करा, फोनवर बोलत बसू नका. त्यातच विक्रेत्याचा पूर्ण पत्ता मागा; लेखी मागितल्यावर तो द्यावा लागतो.

सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, पण मध्यस्थी करते, आणि तिथला तक्रार क्रमांक पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

एवढं करूनही हलले नाहीत तर साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता सुरतेचा असो की बनारसचा, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवर घरूनही दाखल होतो. विक्रेता आणि अ‍ॅप दोघांनाही प्रतिवादी करा, एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल. मागणीत साडीची किंमत, मनस्तापाची भरपाई आणि खर्च, तिन्ही वेगवेगळे लिहा.

सूनबाईंना मात्र आजच सांगा, फॉल-पिको करायचा नाही आणि नेसायचीही नाही. सुई लागली की ‘वापरलेली साडी’ म्हणायला ते मोकळे.